तिसरा नंबर

आमच्याकडे, म्हणजे कर्नाटकात, दहावीच्या इंग्रजीला आर. के. नारायण यांची ‘अ हीरो’ ही कथा आहे. मालगुडीचा स्वामी अजून आजीशेजारी झोपतो, हे त्याच्या वडिलांना खुपत असते. एका खेड्यातल्या मुलाने वाघाशी झुंज दिल्याची बातमी पेपरात येते आणि वडील मुलाला पेचात पकडतात. धैर्य असेल तर आज रात्री माझ्या ऑफिसच्या खोलीत एकटा झोपून दाखव. स्वामीची बोबडी वळते. रात्री तो बाकाखाली शिरतो, अंधारात काहीतरी हलते, भूतच आले असे समजून तो त्याला कडकडून चावतो. भूत निघते घरफोड्या! दुसऱ्या दिवशी वर्गमित्र, हेडमास्तर, पोलीस इन्स्पेक्टर, सगळे त्याचे कौतुक करतात. आणि त्या रात्री स्वामी पुन्हा आजीशेजारी गाढ झोपलेला.

मी हुबळीतल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते. आमची मुले ही कथा वाचण्याआधीच तिच्यावरची उत्तरे ओळखतात. घरात थोरल्या भावंडांची वही असते, गाइड असते, शिकवणीतल्या झेरॉक्स असतात. तात्पर्य काय, असे विचारा. वर्ग एका सुरात सांगतो, धैर्य हे वयावर किंवा ताकदीवर अवलंबून नसते. आता हे वाक्य कथेत कोणाचे, तर वडिलांचे. नारायण यांनी ज्या वाक्याची कथाभर हळूच टर उडवली आहे, तेच वाक्य पोरे उत्तर म्हणून पाठ करतात आणि पूर्ण मार्क घेऊन जातात. पोराने भिऊन चावा घेतला, हे समोर छापलेले आहे. पण तात्पर्य ठरलेले असले की डोळ्यांपुढची ओळसुद्धा दिसत नाही.

नारायण यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी हेच झाले असते. कथा म्हटली की आमच्या मुलांच्या हातात चार रिकाम्या चौकटी तयार असतात: पात्रे, प्रसंग, स्वभाववैशिष्ट्ये, तात्पर्य. त्या भरल्या की कथा संपली. म्हणून मला अशी कथा हवी होती जिचे गाइड बाजारात मिळत नाही.

स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा आमच्या कन्नडच्या सरांनी लगेच सुचवले, ‘‘श्यामची आई दाखवा की.’’ या सरांचे मराठी वाचन माझ्याहून दांडगे आहे. धारवाडकडच्या त्या पिढीत असे पुष्कळ सापडतात. अत्र्यांचा १९५३चा तो चित्रपट, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवलेला. घरात सगळ्यांनी मिळून बघावा असा चित्रपट म्हणून अजूनही त्याचेच नाव आधी येते. मी तो दाखवला नाही. साने गुरुजींविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते, त्या कथेत शिकवण इतकी वर आलेली आहे की मुलांनी शोधून काढावे असे फारसे उरत नाही. श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आणि त्या आठवणीतून काय घ्यायचे तेही सांगतो. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात, आणि भरलेल्या डोळ्यांनी कथेचे टाके दिसत नाहीत. रडायला तो चित्रपट उत्तम आहे, उकलायला नाही.

दुसरे नाव माझ्याच मनात घोळत होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवत आणि घरी येऊन मराठी कथा लिहीत. त्यांच्या ‘कैरी’ या कथेवर अमोल पालेकरांनी चित्रपट केला आहे. धारवाडच्या लेखकाची कथा हुबळीच्या वर्गात, याहून चांगला योग कुठला? पण वर्गाकडे बघितले आणि बेत बाजूला ठेवला. आमच्या वर्गात बहुतेकांच्या घरी कन्नड, त्याखालोखाल उर्दू. सावजी समाजाची मुले आहेत, त्यांची घरची बोली आणखी निराळी. दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय इथे, वर्कशॉप इथे, त्यामुळे नोकरीनिमित्त आलेल्या तेलुगू घरांतली दोन-तीन. मराठी बोलणारी तशीच मोजकी, आणि त्यांची मराठी आमच्यासारखीच कन्नड हेल काढत चालणारी. मराठी चित्रपट लावला की ती चार मुले दुभाषी होणार आणि बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघणार. कन्नड लावला तर उलटे. हिंदी सगळ्यांना कळते, पण हिंदी चित्रपट म्हटला की आमची पोरे बाके वाजवतात, विचार करत नाहीत.

तेव्हा कोणालाच येत नसलेली भाषा घ्यायची असे ठरवले. माजिद माजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, १९९७चा इराणी चित्रपट. परकीय भाषेतल्या सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला इराणी चित्रपट. फारसी संवाद, खाली इंग्रजी अक्षरे. ती वाचता वाचता माझे इंग्रजीही शिकवून होणार होते, त्यामुळे मुख्याध्यापकांपुढे बाजू मांडणे सोपे गेले. उर्दू बोलणाऱ्या मुलींना मधूनच एखादा शब्द ओळखीचा लागे. मग त्या मोठ्या तोऱ्यात मान डोलावत. एरवी त्या वर्गात फारशा बोलत नसत.

चित्रपट जेमतेम दीड तासाचा. गोष्ट एका ओळीची: अली नावाच्या मुलाच्या हातून धाकट्या बहिणीचे, झहराचे, नुकतेच दुरुस्त करून आणलेले बूट हरवतात, नवे घ्यायला घरात पैसे नाहीत, म्हणून दोघे अलीचाच एक जोड आळीपाळीने वापरतात. तिची शाळा सकाळची, त्याची नंतरची. ती धापा टाकत गल्लीत येते, बूट काढते, तो पाय घालतो आणि पळत सुटतो. हिंदीत प्रियदर्शन यांनी २०१० साली ‘बम बम बोले’ नावाने तो पुन्हा केला. त्याची आठवण वर्गात कोणालाच नव्हती, हे आमच्या पथ्यावर पडले.

इथे थोडे विषयांतर करते. हा चित्रपट ज्या संस्थेने काढला ती ‘कानून’ ही तेहरानची संस्था, मुलांसाठी वाचनालये चालवणारी, पुस्तके आणि चित्रपट काढणारी, १९६५ साली सुरू झाली. अब्बास किआरोस्तामींसारखा दिग्दर्शक तिथे घडला. आपली बाल चित्र समिती १९५५ची, म्हणजे तिच्याहून दहा वर्षांनी थोरली. २०२२ साली ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुलांसाठी म्हणून काढलेल्या चित्रपटाने मुलांना उपदेशच केला पाहिजे, असे तेहरानमध्ये कोणी धरून चालले नसावे. आपल्याकडे ते बहुतेक वेळा धरूनच चालतात, पाठ्यपुस्तक मंडळापासून घरातल्या आजोबांपर्यंत.

तास चाळीस मिनिटांचा. त्यामुळे चित्रपट तुकड्यांत दाखवावा लागला, आणि तुकडा कुठे पाडायचा हे ठरवणे हेच माझे खरे काम झाले. धारवाडहून हुबळीला चिगरी बसने जाता-येता मी फोनवर तो पुनःपुन्हा बघत असे. शेजारी बसलेल्या बायका डोकावत. एकीने तर नवलूरचा थांबा गेला तरी कानातली तार काढू दिली नाही, आधी बूट सापडतात का ते सांगा म्हणाली.

पहिला थांबा बूट हरवल्यावर लगेच. अली बुटांची पिशवी भाजीवाल्याच्या दारात खोक्यांच्या सांदीत ठेवून बटाटे निवडायला आत जातो. भंगार गोळा करणारा माणूस येतो आणि कचऱ्याबरोबर ती पिशवीही नकळत घेऊन जातो. अली बाहेर येतो, पिशवी नाही. मी पडदा गोठवला आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: हे कोणाला माहीत आहे?

वर्ग गोंधळला. असला प्रश्न त्यांनी कधी सोडवला नव्हता. मग हळूहळू उत्तरे आली. अलीला माहीत नाही. भाजीवाल्याला नाही. नेणाऱ्यालासुद्धा नाही, कारण पिशवीत काय आहे हे त्याने पाहिलेच नाही. मग माहीत कोणाला? बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी मधल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, ‘‘आम्हाला.’’ आणि जरा थांबून, ‘‘पण आम्हाला सांगता येत नाही.’’

कथेच्या रचनेवर मी जे तासभर बोलले असते ते त्या दोन वाक्यांत येऊन गेले. पुढे चित्रपट संपेपर्यंत आम्ही फळ्याच्या एका बाजूला हाच तक्ता ठेवला. डावीकडे नावे, उजवीकडे कोणाला काय ठाऊक. आई, वडील, अली, झहरा, शाळेचे मास्तर आणि सगळ्यांत खाली ‘आपण’. प्रसंग पुढे सरकला की कोणीतरी उठून तक्ता बदलायचा. पात्रांच्या स्वभावावर प्रश्न विचारायची गरजच पडली नाही. माहीत असूनही जो बोलत नाही त्याचा स्वभाव आपोआप बाहेर येतो.

दुर्गद बैल बाजारात ज्याच्या वडिलांचे चपलांचे दुकान आहे, असा एक मुलगा वर्गात आहे. इंग्रजीत कायम काठावर. चित्रपट सुरू होतो तोच एका जीर्ण गुलाबी बुटावर आणि तो शिवणाऱ्या चांभाराच्या हातांवर. बराच वेळ दुसरे काही दिसतच नाही, नावे येत राहतात. मी ते नावांपुरते दृश्य समजून पुढे सरकले होते. हा म्हणाला, ‘‘मिस, मागे घ्या.’’ मागे घेतले. त्याने पडद्याजवळ जाऊन बोट ठेवले. हा बूट आधीही शिवलेला आहे. असला बूट दुरुस्तीला आला तर आम्ही नवा घ्या म्हणतो, कारण शिवण धरत नाही. तरी हे शिवून घेतात म्हणजे घरात दुसरा नाही. तोपर्यंत पडद्यावर एक शब्द उच्चारला गेला नव्हता, अलीचे घर कोणी पाहिले नव्हते, आणि या मुलाने घराची सगळी परिस्थिती बुटाच्या टाक्यावरून सांगून टाकली. त्यानंतर कुठलाही प्रसंग आला की मी आधी त्याच्याकडे बघत असे.

बूट हरवल्याचे अली आणि झहरा वडिलांना सांगून का टाकत नाहीत, यावर मोठी चर्चा झाली. एका प्रसंगात सगळे कुटुंब एकाच खोलीत आहे. वडील बोलताहेत, आई आजारी, घरभाडे थकलेले. भाऊ-बहीण अभ्यास करत असल्यासारखे वह्या पुढे घेऊन बसतात आणि एकमेकांना वहीत लिहून भांडतात. तो तिला गप्प बसण्यासाठी एक पेन्सिल देऊ करतो. आमच्या पोरांना हा प्रसंग भलताच आवडला, कारण वर्गात तीही हाच उद्योग करतात. पहिली उत्तरे सरळ होती. मार बसेल म्हणून सांगत नाहीत. मग एका मुलीने हात वर केला. मार बसेल हे खरे, पण वडिलांकडे पैसे नाहीत हे दोघांना ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असल्याचे वडिलांना कळू नये म्हणून गप्प आहेत. मी म्हटले, हे कशावरून? ती म्हणाली, ‘‘आमच्यात असंच असतं.’’ पुढे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

साखरेचा प्रसंग मात्र मी मुद्दाम दोनदा दाखवला. वडील मशिदीतल्या कार्यक्रमासाठी साखरेचे मोठे खडे फोडत बसले आहेत, समोर ढीग पडला आहे. झहरा चहा आणते, पण चहाला साखर नाही. साखर तर समोरच आहे की, असे तिला वाटते. ते म्हणतात, ही मशिदीची. बस्स. मी सांगितले, वडिलांची स्वभाववैशिष्ट्ये लिहा, पण ‘प्रामाणिक’ हा शब्द वापरायचा नाही. चाळीस वह्यांत चाळीस तऱ्हा निघाल्या. बहुतेकांनी नुसते काय घडले तेच लिहिले. मला तेच हवे होते. एकाने लिहिले, हा माणूस चिडका आहे, मोठ्याने बोलतो, पण हात आखूड ठेवतो. कन्नड वळणाचे इंग्रजी होते, व्याकरणाने पाय मोडलेले. मी लाल पेन टोपण घालून ठेवून दिले.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो एका मुक्या दृश्यावर. झहराला आपले बूट शाळेतल्या दुसऱ्या मुलीच्या, रोयाच्या, पायात दिसतात. ती तिचा माग काढते, भावाला घेऊन तिच्या घरापाशी येते. दोघे दबा धरून आहेत. बूट आपले आहेत, मागून घ्यायचे आहेत. इतक्यात दार उघडते आणि रोया आपल्या आंधळ्या वडिलांना हाताला धरून बाहेर आणते. अली आणि झहरा एकमेकांकडे बघतात. आणि परत फिरतात. कोणी काही बोलत नाही, संगीतसुद्धा तुम्हाला काही सुचवत नाही.

मी विचारले, परत जायचे हे कोणी ठरवले? वर्ग दोन तट पडून भांडू लागला. मुले म्हणत अलीने, कारण तो मोठा. मुली म्हणत झहराने, कारण बूट तिचे, सोडायचा हक्कही तिचाच. दृश्य पुन्हा लावले. आधी कोण वळते ते बघा. तिसऱ्यांदा लावले. नजर कोणाची आधी खाली गेली, यावर पैजा लागल्या. शेजारच्या वर्गावर गणिताचा तास चालू होता, तिथून निरोप आला. मी दार लावून घेतले. धड्यातल्या एका ओळीसाठी या मुलांनी आजवर कधी असे मागे-पुढे केले नव्हते. छापील पानही मागे उलटून पुन्हा वाचता येते. पण वाचून कळले नाही तर ते आपल्या डोक्याचा दोष मानतात, आणि पडद्यावरचे निसटले तर नुसतेच निसटले असे मानतात. कमीपणा न वाटता पुन्हा बघू द्या म्हणता येणे, एवढाच चित्रपटाचा मला फायदा. बाकी ‘दृश्य माध्यमाची ताकद’ वगैरे जे प्रशिक्षण शिबिरांत ऐकवतात त्यावर माझा फारसा विश्वास नाही.

शर्यतीआधी मी चित्रपट थांबवला आणि शेवट लिहायला सांगितला. शाळांमधली लांब पल्ल्याची शर्यत आहे, तिसऱ्या क्रमांकाला बक्षीस म्हणून बुटांचा जोड आहे. अलीने बहिणीला शब्द दिला आहे की तिसरा येईन आणि ते बूट बदलून तुझ्यासाठी मुलींचे आणीन. पहिला नको, दुसरा नको, तिसरा. जवळजवळ सगळ्यांनी लिहिले, तिसरा येतो, बहीण खूश होते. काहींनी बक्षीस समारंभात मुख्यमंत्रीही आणले. दोघा-तिघांनी लिहिले, चौथा येतो आणि देणारा कोणीतरी दयाळू भेटतो. पहिला येईल असे एकानेही लिहिले नाही. जिंकणे हीच हार ठरेल अशी गोष्ट त्यांनी वाचलेलीच नव्हती. किंवा वाचली होती, पण तशी पाहिली नव्हती.

अली पहिला येतो. पुढच्यांना मुद्दाम जाऊ देऊन तिसरा राहण्याचा प्रयत्न करतो, धक्का बसून पडतो, उठून जिवाच्या आकांताने पळतो आणि काही कळायच्या आत फीत तोडतो. वर उचलणाऱ्या मास्तरांना तो आधी विचारतो, मी तिसरा आलो का? सगळे त्याचे फोटो काढताहेत आणि त्याचे डोळे वाहताहेत. वर्गात टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या मध्येच विरल्या.

पुढे अगदी थोडे उरते. वडिलांची सायकल क्षणभर दिसते, सामानात नवे बूट आहेत. मग अली घरी येतो. झहरा त्याचे तोंड बघूनच समजते आणि आत जाते. तो फाटलेले बूट काढतो, सोललेले पाय अंगणातल्या हौदात सोडतो, लाल मासे पायांभोवती जमतात. संपले. मागून आवाज आला, ‘‘मुगीतेन्री, मिस?’’ संपला का हो? आवाजात चक्क फसवले गेल्याचा राग होता.

आणि मग मजा झाली. अर्ध्या वर्गाला सायकलवरचे बूट दिसलेच नव्हते. त्यांच्या लेखी गोष्ट दुःखाने संपली होती. ज्यांना दिसले त्यांच्या लेखी आनंदाने. एकाच खोलीत बसून दोन चित्रपट पाहिले गेले होते. चपलांच्या दुकानवाल्याने अर्थातच पाहिले होते. ‘‘दोन जोड होते,’’ तो म्हणाला. ‘‘एक हिचा, एक त्याचा.’’ पुन्हा लावून पाहिले, खरे होते. आता फळ्यावरचा तक्ता बदलायला हवा होता. बूट आलेले आहेत हे वडिलांना माहीत, आपल्याला माहीत. अलीला माहीत नाही. पहिल्या थांब्यावर बोललेली मुलगी उठली, तक्त्यात ‘आपण’समोर खूण केली आणि म्हणाली, सुरुवातीला पण असंच होतं. बूट गेले तेव्हा आपल्याला ठाऊक, त्याला नाही. आले तेव्हाही आपल्यालाच ठाऊक. मी स्वतः हा चित्रपट कितीदा तरी पाहिला होता, दोन्ही टोके अशी जुळतात हे मला तिने दाखवले.

यानंतर ‘अ हीरो’ काढले. यावेळी मी काही बोललेच नाही, नुसता तोच तक्ता फळ्यावर आखला. स्वामी बाकाखाली लपला होता हे कोणाला माहीत? स्वामीला. आपल्याला. वडिलांना? नाही. हेडमास्तरांना, इन्स्पेक्टरला, पाठ थोपटणाऱ्या वर्गमित्रांना? नाही. मग हे सगळे कौतुक कशाचे करताहेत? इतका वेळ तुंबलेले हसू वर्गात एकदम फुटले. एकजण म्हणाला, अलीचे फोटो काढणारे लोक इकडेपण आहेत! दुसरा म्हणाला, पण अली रडतो, स्वामी रडत नाही. का? कारण अलीला जे हवे होते ते गेले, आणि स्वामीला जे हवे होते, आजीशेजारची जागा, ती मिळाली. त्याला हीरो व्हायचेच नव्हते. म्हणजे ‘अ हीरो’मध्ये नायकाला हवे ते मिळते आणि ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’मध्ये बक्षीस मिळूनही हवे ते मिळत नाही. दोघांनाही नको ते मिळते, हे मात्र सारखेच.

जी. एं.च्या कथा वाचलेल्या माणसाला हे नवे नाही. त्यांच्याकडे माणूस काहीतरी मागत चालत राहतो आणि पदरात भलतेच पडते, तेही मागितल्यापेक्षा मोठे असू शकते आणि म्हणूनच जास्त जड. मला राहून राहून वाटते की धारवाडच्या वर्गात ते इंग्रजी कथा कशी शिकवत असतील ते मागच्या बाकावर बसून ऐकायला हवे होते. मी मुलांना एवढेच सांगितले की आपल्या शेजारच्या गावात असा एक इंग्रजीचा मास्तर होता. आणि मालगुडीवरच्या शंकर नाग यांच्या दूरदर्शन मालिकेत स्वामीचे वडील झालेले गिरीश कर्नाड धारवाडच्या कर्नाटक कॉलेजचे विद्यार्थी, हेही सांगितले. त्यावर त्यांना जास्त नवल वाटले. कर्नाड त्यांना हिंदी चित्रपटातून ठाऊक होते.

या सगळ्यात पोर्शन मागे पडला, हे सांगायला हवे. व्याकरणाचे काही तास मी शनिवारी घेतले. एका पालकांनी विचारले, इंग्रजीच्या तासाला सिनेमा दाखवतात म्हणे? त्यांची शंका रास्त होती. बोर्डाचा पेपर तपासणारा कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यात नमुना उत्तरे पुढे ठेवून बसलेला असतो. त्याच्यापुढे अली आणि झहरा नाहीत. मुलांनीही हेच विचारले, बोर्डात असे लिहायचे का? मी सांगितले, आधी गाइडमधले मुद्दे लिहा, मग जागा उरली तर तुमचे. कोणाला हे भित्रे उत्तर वाटेल. पण मार्क त्यांचे जाणार, माझे नाही.

घटक चाचणीत मी नेहमीचाच प्रश्न घातला: स्वामी एका रात्रीत हीरो कसा झाला? तीन मार्क. बाकीच्यांनी सांगितल्याप्रमाणे मुद्दे लिहून खाली एखादी ओळ आपली घातली होती. त्या मधल्या रांगेतल्या मुलीने मुद्दे गाळूनच टाकले. तिने लिहिले होते की स्वामी हीरो झालाच नाही, घरात एक हीरो असावा अशी वडिलांची इच्छा होती आणि चोर वेळेवर आला. मी दोन मार्क दिले. मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन आली.

‘‘मिस, एक मार्क कशाचा गेला?’’

‘‘बाकाखाली लपला, भूत समजून चावला, हे लिहिलंच नाहीस.’’

‘‘ते तर सगळ्यांना माहीत आहे.’’

‘‘तपासणाऱ्याला माहीत नाही असं धरून लिहायचं असतं.’’

तिने क्षणभर विचार केला. ‘‘तपासणाऱ्याला माहीत आहे, मिस. तुम्हीच तपासलाय. मला माहीत आहे की नाही एवढंच तुम्हाला माहीत नाही.’’

मी अर्धा मार्क वाढवला. उरलेल्या अर्ध्यासाठी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.